पेन डिस्प्ले, चौदा महिन्यांनी: आंब्याचं खोकं, बोटीचं नाव आणि एक फूटपट्टी

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी तेरा इंची पेन डिस्प्ले घेतला. ज्याच्या काचेवरच पेनाने चित्र काढता येतं, तो टॅब्लेट. त्याला स्वतःचं डोकं नसतं, लॅपटॉपला जोडावा लागतो. साडेसव्वीस हजार मोजले. त्यावर एक आंब्याचा हंगाम, एक पावसाळा आणि एक गणपती काढून झालाय, म्हणजे आता बोलायला तोंड आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही; पुढे जी तक्रार येणार आहे ती माझ्या वाट्याला आलेल्या एका नगाची आहे. आणि मुख्य सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या काचेला लागू आहे.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकते. वस्तू चांगली आहे, हरवली तर परत घेईन. पण कागद-पेन्सिल बंद करून पहिल्या रेघेपासून काचेवर काम करायचं म्हणून मी ती घेतली होती, आणि नेमकं तेवढंच आता मी तिच्यावर करत नाही. एक अपवाद आहे, तो गणपतीचा. त्याचं पुढे येईल.

देवगडात माझं दीड खोलीचं दुकान आहे. आंब्याच्या खोक्यांची लेबलं, होमस्टेच्या पाट्या, बोटींची नावं, दशावतारी नाटकांचे बोर्ड, पत्रिका, आणि भाद्रपदात गणपतीच्या पाठच्या भिंती. बाबा पेंटर होते. आता डोळ्यांमुळे ब्रश सुटलाय, पण दुकानात येऊन बसतात आणि मत द्यायचं सोडत नाहीत. मी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली, पुढे सावर्ड्याला चित्रकला शिकले. गेली पंधरा वर्षं माझी पद्धत एकच: पेन्सिलीने कच्चं, वर शाईने पक्कं, मग स्कॅन, मग कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नोडनोड, म्हणजे बिंदूबिंदू, करत गिरवणं. त्यातला स्कॅन आणि गिरवण्याचा भाग म्हणजे शिक्षा. काचेवरच काढलं तर तो वाचेल, असा साधा हिशेब होता. नोव्हेंबरात ठरवलं की एप्रिलपर्यंत पेन्सिल हातात धरायची नाही.

आधी वस्तूबद्दल. पेनाला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. काचेखाली बारीक तारांचं जाळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला लागते तेवढी वीज मिळते. आमच्याकडे लाईटचा जो भरवसा आहे तो पाहता ही फार मोठी गोष्ट. खोक्यावर दाबाच्या ८१९२ पायऱ्या छापल्यात. त्यातल्या माझ्या मनगटाला किती कळतात देव जाणे, पण हलक्या हाताने केसासारखी आणि दाबून करंगळीसारखी रेघ एकाच ओढीत येते, हे खरं. वेलांटी काढताना तर मजा येते.

काच मात्र गुळगुळीत. पेन्सिल कागदावर जशी किंचित करकरत जाते, तिला जो जरासा अडसर होतो, तो इथे नाही. पहिले पंधरा दिवस माझं प्रत्येक अक्षर शेवटाला घसरलेलं होतं, ओल्या लाद्यांवरून चालल्यासारखं. मग खरखरीत फिल्म चिकटवली. हाताला बरं वाटलं, पण ती फिल्म पेनाचं टोक खाते. गुळगुळीत काचेवर एक निब तीन महिने गेली होती, फिल्मवर पाच-सहा आठवडे. शिवाय एप्रिल-मेमध्ये तळहाताला जो घाम सुटतो त्याने हात काचेला चिकटतो आणि रेघ मधेच थांबते. त्यासाठी दोन बोटांचा हातमोजा विकत मिळतो. मी जुन्या पायमोज्याचा शिवला. दिसतो गबाळा, पण चालतो.

रंगाचं थोडक्यात: पिकलेल्या हापूसचा केशरी रंग काचेवर जसा पेटून दिसतो तसा छापून येत नाही. पडदा उजेडाने रंग दाखवतो, छापखाना शाईने, आणि भडक केशरी हा त्या दोघांच्या भांडणातला ठरलेला मुद्दा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी गिऱ्हाईक मोबाईल छापाशेजारी धरून दाखवतंच.

आता खोक्याची गोष्ट.

फेब्रुवारीत जामसंड्याचे एक बागायतदार काका आले. एक डझनाचं खोकं, पुठ्ठ्यावर थेट दोन रंगांत छपाई, नाव, गाव, फोन, आणि झाकणावर आंबा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून त्या चिन्हाला आणि कोडाला जागा ठेवावी लागते, म्हणजे आंब्याला उरते ती तळहाताएवढी. काकांची अट एकच: आंबा हापूसच दिसला पाहिजे. ही अट बरोबर होती. इंटरनेटवर मिळणारा तयार आंबा बहुतेक वेळा चोचीचा असतो, तोतापुरीसारखा. हापूसला चोच नसते. देठाजवळ एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असतो, पोट भरलेलं, आणि खाली निमुळता होताना कुठेही टोक काढत नाही.

मी थेट काचेवर बसले. ए-थ्रीचा कॅनव्हास, ३०० डीपीआय, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके. पहिला आंबा दहा मिनिटांत आला आणि बरा होता. कागदावर असता तर मी तो बाजूला ठेवून दुसरा काढला असता. इथे मी त्याला सुधारायला घेतलं. खांदा जरा वर, कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं रद्द. जरा खाली, कंट्रोल-झेड. मग नवा लेअर, म्हणजे चित्रावर आणखी एक पारदर्शक थर. मग पानं. पान आलं की शिरा आल्या. शिरांसाठी चित्र ४०० टक्के मोठं केलं, आणि एकदा आत शिरले ते दोन दिवस बाहेर आलेच नाही. एका पानावर सव्वीस शिरा, प्रत्येक टोकाला निमुळती होत गेलेली. तेवीस लेअर झाले. फायलींची नावं अंतिम, अंतिम दोन, अंतिम खरंच. मला वाटत होतं मी इतकं बारकाईने आजवर काम केलंच नव्हतं, आणि ते खरंही होतं.

पंचवीस दिवसांनी खोकी घाट उतरून आली. पानांच्या शिरा सगळ्या भरून गेलेल्या. पानं म्हणजे दोन काळे डाग, आणि त्यांच्यामध्ये पिवळट गोळा. आंब्याच्या सालीवर मी मारलेले बारीक ठिपके फुगून एकमेकांना भेटले होते. काकी खोकं हातात फिरवून म्हणाल्या, "ह्यो बटाटो काय गो?"

छापणाऱ्याचा दोष शून्य. पुठ्ठ्यावर रबरी प्लेटने छापतात तेव्हा शाई पसरते, पुठ्ठ्याच्या पन्हळीवर दाब कमीजास्त होतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवायचं नाही, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. कागदावर काम करताना हे लक्षात ठेवावं लागत नसे, कारण हातातल्या पेनाचं टोकच अर्ध्या मिलिमीटरचं असे. त्याहून बारीक रेघ काढायची म्हटली तरी निघत नव्हती. नियम हत्यारातच होता. काचेवर तो कुठेच नव्हता.

त्या रात्री मी एक वेडेपणा केला. दुकानातली स्टीलची फूटपट्टी घेतली आणि काचेवर ठेवली.

तेरा इंची म्हणतात ती काच लांबीला २९४ मिलिमीटर भरली, रुंदीला १६५. म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही आखूड. तिच्यावर १९२० बाय १०८० ठिपके, म्हणजे इंचाला साधारण १६५. माझं चित्र इंचाला ३००चं. तर १०० टक्के असं जे खाली कोपऱ्यात लिहून येतं ते खरं माप नव्हेच. चित्र तेव्हा छापील आकाराच्या सुमारे १.८ पट दिसत असतं. आणि ४०० टक्के म्हणजे सव्वासात पट. काचेवर मला जी शीर चांगली दीड मिलिमीटर जाड, ठसठशीत दिसत होती, ती खोक्यावर ०.२ मिलिमीटर होती. दोन दिवस मी सव्वासात पट मोठ्या पानावर बसून शिरा काढत होते. असं पान कुठल्याही कलमाला येत नाही.

उलट्या बाजूनेही तेच. ए-थ्री चित्र १०० टक्क्यांवर ठेवलं तर काचेत त्याचा आठव्या हिश्श्याहून कमी भाग मावतो. सगळं एकदम बघायचं तर लहान करावं लागतं, आणि लहान केलं की काय चुकलंय ते दिसत नाही. जवळून बघू तेव्हा पूर्ण नाही, पूर्ण बघू तेव्हा जवळून नाही. टेबलावर पसरलेल्या कागदावर मी मान जरा मागे घेते आणि दोन्ही होतं. मान मागे घेणं हे आपल्या कामात केवढं मोठं हत्यार आहे, ते ती घेऊन काही फरक पडेनासा झाला तेव्हा कळलं. काचेपासून मागे सरकलं तर चित्रासकट सगळी खोली लहान होते, पण ४०० टक्क्यांतलं पान पानच राहतं.

दुसऱ्या दिवशी टॅब्लेटच्या काळ्या कडेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर लिहिलं: ५५. माझ्या काचेवर ५५ टक्क्यांना चित्र खऱ्या मापाचं दिसतं. तो तुकडा अजून तिथे आहे. काकांना नवी प्लेट माझ्या पैशाने करून दिली; किती गेले ते लिहीत नाही, बाबा हे वाचतील.

मग आली ती तक्रार. मार्चअखेरीला, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यात, टॅब्लेटच्या कडेला वायर जिथे शिरते ते भोक सैल झालं. वायर जराशी हलली की काच काळी. आधी वायर पुठ्ठ्याचा कपटा घालून घट्ट केली, मग रबर बँड, मग एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चित्र. शेवटी कुरियरने मुंबईला दुरुस्तीला पाठवला. वॉरंटीत होता, पैसे लागले नाहीत, पण एकोणीस दिवस लागले, आणि तेही एप्रिलातले. इथे किनाऱ्यावर खाऱ्या हवेने धातूचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. बिजागऱ्या, कुलुपं, गिअर, सगळं खातं. त्यामुळे हे कंपनीचं की समुद्राचं, यावर मी वाद घालत नाही. फक्त एकोणीस दिवस लक्षात राहिले.

कारण त्या एकोणीस दिवसांत दुकानात सात खोक्यांची कामं होती आणि नाइलाजाने पेन्सिल बाहेर आली.

पहिलं काम मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे केलं. पाठ कोरी असते, कागद बरा असतो, आणि फुकटचा म्हणून हात घाबरत नाही. अंगठ्याएवढे आंबे काढायला लागले. खोक्यावरचा आंबा तळहाताएवढा असेल तर कागदावर अंगठ्याएवढा काढून जो ओळखता येतो तोच पुढे न्यायचा, ही बाबांची जुनी सवय. अर्ध्या तासात अठरा आंबे झाले. त्यातले बारा टाकाऊ, चार ठीक, दोन हापूस. अठरापैकी एकालाही मी सुधारलं नाही. बिघडला की शेजारी दुसरा. आणि गंमत म्हणजे बिघडलेला तिथेच राहतो, डोळ्यांसमोर. सातव्या आंब्याचा देठ आणि बाराव्याचं पोट असं जमवता येतं. काचेवर मी कंट्रोल-झेडने पुसलेले शंभर आंबे कुठे गेले? त्यातला एखादा बरा असेलही. काचेवर माझ्याकडे कायम एकच आंबा होता, शेवटचा.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. याच्याबद्दल कुणी लिहिताना मी पाहिलं नाही, पण धंद्यात याचाच फरक जास्त पडला. काचेवरून पाठवलेलं डिझाइन पहिल्या दिवसापासून पक्कं दिसतं: रंग भरलेले, कडा साफ. माणूस ते मोबाईलवर बघतो आणि म्हणतो, बॉर्डर जरा हिरवी करा. मांडणी चुकलीय, नाव खाली हवं होतं, हे त्याला जाणवत असतं, पण झालेल्या गोष्टीबद्दल कसं बोलायचं म्हणून तो बॉर्डरवर घसरतो. मग चार दिवस बॉर्डरचे रंग. कॅलेंडरच्या पाठीवरचं पेन्सिलीचं चित्र बघून मात्र एक बागायतदार सरळ माझ्या हातातली पेन्सिल घेऊन म्हणाला, नाव हय घाल, आणि एक वाकडी चौकट काढली. जागा बरोबर होती. त्या खोक्याचं काम एका बैठकीत झालं. कच्चं चित्र कच्चं दिसतं, म्हणून माणसाला त्यात हात घालायला लाज वाटत नाही.

सातही खोकी एप्रिलात वेळेवर गेली. मी कच्चं कागदावर केलं, फोनने फोटो काढून कोरलमध्ये गिरवलं, म्हणजे तीच जुनी शिक्षा. पण कच्च्याला आता दीड-दोन तास लागत होते, जिथे काचेवर दोन-दोन दिवस जात होते. गिरवण्याचा वेळ धरूनही कागद पुढे होता. मला हे अपेक्षित नव्हतं. टॅब्लेट परत आला तेव्हा मी त्याला अक्षरशः खालच्या पायरीवर बसवलं: पहिली रेघ कागदावर, दुसरी काचेवर.

अक्षरांच्या बाबतीत हे आणखी पक्कं झालं. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेआधी रंगरंगोटी. एका ट्रॉलरचं नाव होतं दर्यादौलत. आता डिजिटल सुरुवात म्हणजे काय होतं? माणूस आधी टाइप करतो. टाइप केलं की अक्षर कुणीतरी आधीच काढून ठेवलेलं असतं, आणि आपण त्याला फक्त ताणतो, जाड करतो, सावली देतो. त्या ट्रॉलरवाल्याच्या भाच्याने मोबाईलवर करून आणलेलं नाव चक्क मंगल फॉन्टमध्ये होतं. मंगल र. कृ. जोशींनी केलेला, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारीक अक्षर वाचता यावं या कामाला तो उत्तमच आहे. पण बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फूटभर उंचीचा, लाटेवर हलणारा? शिवाय त्यात दर्याचा दऱ्या झाला होता. समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या. बोट सह्याद्रीत चालली होती.

मी जुन्या पद्धतीने बसले. खाकी कागदावर नाव. दर्या या शब्दात रफार या च्या कान्यावर जाऊन बसतो, आणि त्याच्या पुढेच दौ च्या दोन मात्रा. शिरोरेखेच्या वर तीन फटकारे एका ओळीत येतात. फॉन्ट त्यांना आपापल्या जागी ठेवतो, बिचाऱ्याला शेजारी कोण आहे ते माहीत नसतं. हाताने काढताना ते तिन्ही एकाच वाऱ्यात वाकवता येतात, शिडासारखे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी अक्षरांना जे करायला लावलं ते पाहून वाढलेल्या पिढीतली मी. शब्दाचा अर्थ अक्षराच्या अंगात यायला हवा, ही खोड तिथूनच लागली. पाच-सहा वेळा काढून तो रफार जमला. बाबा लांबून बघत होते. त्यांचा प्रश्न ठरलेला: "नाव बंदरारसून दिसतला?" मी खाकी कागद समोरच्या दुकानाच्या शटरला चिकटवला आणि रस्ता ओलांडून परत आले. दौ ची पोकळी बुजत होती. ती उघडली.

बोटमालकाला याआधी मी काचेवर केलेलं एक रंगीत पाठवलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, मोबायलात बरा दिसता, पण नाळेर कसा दिसतला ता माका कळणा नाय." शटरवरच्या कागदाला त्याने फक्त मान हलवली. मग कागदाला सुईने भोकं पाडली, नाळेवर धरून गेरूची पुरचुंडी आपटली, ठिपके उठले, ते जोडले. बाबांच्या काळापासून त्यात एक अक्षर बदललेलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई कागदाची भक्त आहे. अजिबात नाही. जुलैत आमच्याकडे या आणि कार्ट्रिज शीट हातात घेऊन बघा. दमट हवेने कागद भाकरीच्या पिठासारखा मऊ पडतो, पेन्सिल उमटत नाही, रुतते. शाई टाकली की कडेने मिशा फुटतात. खोडलं तर लव निघते. बाबांची तीस वर्षांची कच्ची चित्रं पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवली होती. वरची बुरशीने गेली, खालची कसरीने, आणि मधली काही वाळवीला पोचली. त्यातलं एक दशावतारातल्या संकासुराचं होतं, मला अजून रेघ न् रेघ आठवतं. टॅब्लेटवरची फाइल तीन ठिकाणी ठेवलीय, तिला कसर लागत नाही. कागदाच्या वासाचं आणि स्पर्शाचं कौतुक करणारे लेख बहुधा कोरड्या हवेत लिहिलेले असतात.

आणि आता तो अपवाद. आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या पाठची भिंत रंगवायची रीत आहे. घरोघर, दरवर्षी नवं चित्र. घरचे लोक मुंबईत, घर इथे, भिंत इथे, पसंती तिथे. पूर्वी बाबा घरी जाऊन कोळशाने आखायचे आणि चाकरमानी येईपर्यंत धाकधूक. यंदा मी अकरा भिंती केल्या आणि अकराच्या अकरा पहिल्या रेघेपासून काचेवर. भिंतीचा फोटो मागवायचा, त्यात खिडकी किंवा दार दिसलं पाहिजे, आणि त्याची रुंदी टेपने मोजून सांगायची. मग फोटो सरळ करून त्या मापावरून एकेक फुटाच्या चौकटी पाडायच्या आणि भिंतीवरच चित्र मांडायचं. वायरिंगची पट्टी कुठे आहे, बोर्ड कुठे, गणपती बसला की चित्राचा किती भाग त्याच्या मागे जाणार, हे सगळं पहिल्या रेघेआधी समोर. कागदावर मी हे कधीच करू शकले नसते. कागदाला त्या घरातला स्विच बोर्ड माहीत नसतो. एका घरात शंकराचा चेहरा बरोबर गणपतीच्या मुकुटामागे जात होता, तो काचेवरच दोन फूट डावीकडे सरकवला. मुंबईतल्या काकी रात्री अकराला मेसेज करून नंदी मागत होत्या, तोही दिला. मग चौकटींसकट ए-फोरवर छापायचं, भिंतीवर खडूने तशाच चौकटी पाडायच्या आणि रंगवायला लागायचं.

मला वाटतं फरक इथे आहे. भिंतीच्या चित्राला माप बाहेरून मिळालेलं असतं: फोटोतलं दार, खिडकी, फुटाची चौकट. काच ते विसरू देत नाही. खोकं आणि बोट यांचं माप माझ्या डोक्यात असतं, आणि मोठं-लहान करता येणारी काच ते पहिल्या दहा मिनिटांत डोक्यातून काढून टाकते.

सॉफ्टवेअरबद्दल दोन ओळी, कारण लोक विचारतात. मी क्रिटा वापरते. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, छपाईच्या सीएमवायके रंगांत थेट काम करता येतं. महिन्याला भाडं घेणारं काही मला परवडत नाही. हंगाम चार महिन्यांचा, भाडं बारा महिन्यांचं. अक्षरं आणि पक्क्या कडा शेवटी कोरलमध्येच, कारण छापखाना तेच मागतो, आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या रेघा करून, पाठवते, नाहीतर त्यांच्याकडे फॉन्ट नसला की काना एकीकडे, वेलांटी एकीकडे. लाईट गेली तर लॅपटॉपवर टॅब्लेट दीड तास ओढतो, पुढे नाही. त्यासाठी छोटा इन्व्हर्टर घेतला. तोही खर्चात धरा.

कागदावरून काचेवर जायची माझी आताची रीत: कॅलेंडरच्या पाठीवर अंगठ्याएवढं, त्यातलं निवडून खऱ्या मापाचं एक, पेन्सिलीनेच. त्या कागदाच्या कडेला स्टीलची पट्टी ठेवून फोन अगदी वरून सरळ धरून फोटो. पट्टी फोटोत असली की काचेवर माप बरोबर लावता येतं. फोटो तळाच्या लेअरवर तीस टक्के फिका करून, वर पक्की रेघ. स्कॅनर दोन महिन्यांपूर्वी विकला. नोडनोड गिरवणं आता फक्त अक्षरांपुरतं उरलंय, म्हणजे ज्या शिक्षेसाठी टॅब्लेट घेतला होता ती बरीचशी माफ झालीच.

घेणाऱ्यांसाठी. वायर काढून बदलता येते असाच नग घ्या आणि ती जिथे शिरते तिथे ताण येणार नाही अशी टेबलाला बांधून टाका. समुद्राजवळ राहत असाल तर रात्री कापडात गुंडाळून ठेवा. निबं जादा मागवा. तेरा इंची पुरतो, पण जागा आणि पैसे असतील तर मोठा बरा. आणि पहिल्याच दिवशी फूटपट्टी काचेवर ठेवून आपला आकडा काढा. ३०० डीपीआयच्या चित्राला माझा ५५ येतो. फुल एचडीच असलेल्या साडेपंधरा इंची काचेला ४७च्या आसपास येईल. टेप चिकटवून लिहून ठेवा. माझ्या टेपवरचा आकडा घामाने पुसट झालाय, यंदाची खोकी सुरू व्हायच्या आत परत गिरवायला हवा. निबं उरलीत चार.